तिसरा वाडगा

कामोउरा,
९ ऑक्टोबर

चि. कुनिहिको यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर आणखी बिघडलंय, त्यामुळे तूच लिहिलंयस याबद्दल शंका उरली नाही. तोक्योत बसून दिवसभर कॉम्प्युटरवर बोटं नाचवतोस आणि पेन हातात दिलं की पहिलीतला पोरगा होतोस. पण नियम म्हणजे नियम. गेल्या वर्षी त्या चोरट्यांनी तुझ्या आवाजात आईला फोन केला, तेव्हापासून आपल्या घरात महत्त्वाचं ते कागदावर, हातानं. आईला त्या प्रकरणाचा अजून केवढा अभिमान! अपघात झालाय, पैसे पाठव, म्हणून 'तू' फोनवर रडत होतास आणि हिनं सरळ फोन ठेवून दिला. शेजारणीला सांगत होती की आवाज अगदी कुनीचा होता, पण त्यानं आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. माझा मुलगा जन्मात कधी करायचा नाही.

तुझ्या कंपनीची माणसं येऊन गेली. मला गावाच्या ऑफिसातल्या त्या माइकसमोर बसवून काहीच्या बाही वाक्यं वाचून घेतली. एकदा आनंदानं वाचा, एकदा काळजीनं वाचा. मी म्हटलं, बाबांनो, इतकी वर्षं मी गावाला पाणी बंद असल्याचं, हरवलेल्या म्हाताऱ्यांचं आणि हल्ली अस्वलांचं सांगत आलेय. अस्वल आलंय हे आनंदानं कसं सांगू? त्यावर त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला की आता यंत्र सगळं आपोआप सांगेल, माझ्याच आवाजात, मी घरी झोपले असले तरी. पेपरात होतं की यंत्र वकिलीची परीक्षा पास झालं. मग आमच्या ऑफिसातला फॅक्स अजून कागद का गिळतो, तेवढं त्याला विचारून कळव.

चेष्टा पुरे. मला थोडी भीती वाटते रे. रोज संध्याकाळी पाचला मी खांबांवरच्या भोंग्यांतून सांगते की मुलांनो, अंधार पडतोय, घरी जा. ते ऐकून वर टेकडीवरच्या नव्या घरात आई सूप गॅसवर ठेवते, दोन वाडगे काढते, आणि मी घरी पोचते. आता मी न बोलता माझा आवाज बोलणार. आपली सावली आपल्याआधी घरी पोचावी तसं वाटतं.

बायकोला सांग, कालवं पुढच्या आठवड्यात पाठवते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
मिसाओ


तोक्यो,
१८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालवांची वाट बघतोय. आईच्या गुडघ्यांची मुद्दाम चौकशी करत नाही, नाहीतर हे पत्रही चोरट्याचं ठरायचं.

आमच्याकडे आनंदीआनंद आहे. एक यंत्र प्रोग्रॅम लिहितं, दुसरं तो तपासतं, तिसरं त्या दोघांचं कौतुक करणारा अहवाल लिहितं. मी मधे बसून 'मान्य' हे बटण दाबतो. साहेब म्हणतात की माणसाची नजर फार मोलाची आहे. ते हे म्हणाले त्याच आठवड्यात शेजारच्या विभागातल्या निम्म्या मोलाच्या नजरा घरी पाठवल्या. परवा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी बातमी वाचून दाखवली की कुठल्याशा कंपनीच्या यंत्रानं ग्राहकांची सगळी माहिती चुकून पुसली आणि मग फार नम्रपणे माफी मागितली. सगळे हसले. मग सगळे आपापल्या जागी जाऊन जरा जास्तच लक्ष देऊन काम करायला लागले.

पण तुझ्या आवाजाचं काम मी मागून घेतलंय, हे तुला सांगायला हवं. कुणी माझ्यावर लादलं नाही. त्या मोठ्या लाटेच्या दिवशी तू पाणी जिन्यापर्यंत येईस्तोवर माइकसमोर बसून राहिलीस. पळा, वर जा, म्हणत. आई देवळाच्या टेकडीवर रात्रभर थंडीत उभी. मी इथे टीव्हीसमोर, त्याच त्याच पाण्याकडे बघत. बाबा तर त्या पाण्यात गेलेच. तू सकाळी चिखलात माखून टेकडी चढलीस हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या एका दिवसात माझं काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

ऑफिस पुन्हा तिथेच बांधलंय, बंदराजवळ, नव्या भिंतीच्या आड. पुढची लाट येईल तेव्हा तू त्या खुर्चीत नसावीस, एवढंच मला हवंय. यंत्र बुडालं तर बुडू दे.

रागावू नकोस. कान धरायचा हक्क तुझाच आहे.

तुझा,
कुनी


कामोउरा,
७ नोव्हेंबर

चि. कुनिहिको यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. पत्र स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. आईनं विचारलं काय झालं, तर म्हटलं कांदा चिरत होते. ती म्हणाली, आज घरात कांदा नाहीये.

यंत्र सुरू झालं. गावकऱ्यांनी कौतुक केलं. कोळणी म्हणतात, मिसाओबाई, हल्ली तुम्ही जरा गोड बोलता. म्हणजे मी आजवर काय भांडत होते? मला आता कागदपत्रांच्या टेबलावर बसवलंय आणि मी पाचच्या आधीच सुटते.

आईला आम्ही समजावून सांगितलं होतं. मी सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, ऑफिसातून तरुण मुलगी रंगीत चित्रांचा कागद घेऊन आली तिनंही सांगितलं. आई सगळ्यांना हो हो, कळलं, म्हणाली आणि त्या मुलीला वाळवलेली पर्सिमनची फळं दिली.

परवा मला सर्दी झाली म्हणून मी दुपारपासून घरीच होते. आई मुळा किसत होती. पाच वाजले आणि फडताळावरचा गावाच्या सूचनांचा खोका माझ्या आवाजात बोलायला लागला, मुलांनो घरी जा. आईचा हात थांबला. तिनं खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठून आली आणि माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, लहानपणी गालगुंड झाले की ठेवायची तशी. मी गप्प होते आणि आवाज चालू होता. मला म्हणाली, "मग ती कधी येणार?"

कोण ती, म्हटलं. तिनं खोक्याकडे हनुवटी केली. त्या संध्याकाळी तिनं तीन वाडगे काढले.

हसावं की काय करावं कळेना. तिचं डोकं ठीक आहे बरं का. कुठल्या कोळ्यानं कुणाकडून दोर उसने नेले आणि परत दिले नाहीत, हे ती तीस वर्षांपूर्वीपासूनचं सांगते. तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यानं काय खाल्लं तेही. एवढी एकच गोष्ट तिला पटत नाही, की आवाज असेल तिथे माणूस असतंच असं नाही.

आमच्यावर लोभ आहे तो असाच ठेव.

तुझी ताई,
मिसाओ


तोक्यो,
१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बायकोला वाचून दाखवलं. आधी आम्ही दोघंही हसलो. मग ती मला म्हणाली, बिचारी ती तिसरी, रोज उशिरापर्यंत ऑफिसात, अगदी तुझ्यासारखी. त्यानंतर मला हसू आलं नाही.

आवाज बदलून घेतो. कुणा अनोळखी बाईचा घालायला सांगितलं. साहेबांचं उत्तर आलं, म्हणजे त्यांच्या यंत्रानं लिहिलेलं त्यांच्या नावाचं उत्तर, की सूचना अत्यंत मौल्यवान आहे आणि पुढच्या आवृत्तीत तिचा विचार होईल. मी माझ्या यंत्राकडून आभाराचं पत्र लिहून घेतलं. दोन यंत्रांचं एकमेकांशी फार सुरेख जमलंय. मधल्या मधे आवाज तोच राहिलाय.

तोवर तू पाचच्या वेळी घरी असशील तेव्हा तो खोका बंद करून ठेव ना.

तुझा,
कुनी


कामोउरा,
२ डिसेंबर

चि. कुनिहिको यास,
अनेक आशीर्वाद.

खोका बंद केला तर भोंगे आहेतच. भोंग्यांवर टोपी घालू का?

वाडगा रोज निघतो. सूप गार होतं, मग आई ते परत पातेल्यात ओतते आणि माझ्यावर चिडते, की तू इथे पाय पसरून बसतेस आणि ती तिथे एकटी. काल म्हणाली, तुमच्या पाळ्या का नाही लावून घेत? मी ओरडले, आई, ती मीच आहे! तशी शांतपणे म्हणाली की हो, तूच, मला माहीत आहे, म्हणून तर जीव तुटतो.

कुनी, आता जे लिहिते ते नीट वाच. मोठ्या लाटेनंतर आईनं एक गोष्ट अनेकदा बोलून दाखवली आहे, तुझ्यासमोरही. पुढच्या वेळी मी टेकडीवर उभी राहून वाट बघणार नाही, खाली जाऊन हिला कान धरून त्या खुर्चीतून उठवीन. आपण हसायचो. आज तिचे बर्फातले बूट मला दाराशी दिसले, टोकं दाराकडे करून ठेवलेले. बर्फ अजून पडलेलं नाही. मी ते कपाटात ठेवले. मी भांडी घासून येईपर्यंत ते पुन्हा दाराशी होते.

आपलं घर उंचावर आहे. पाणी इथपर्यंत यायचं तर जग बुडायला हवं. लाटेची सूचना झाली की तिनं फक्त घरात बसून राहायचंय. आणि ती सूचना माझ्या आवाजात होणार, बंदराजवळच्या ऑफिसातून. तुला कळतंय ना मी काय म्हणते? तू मला त्या खुर्चीतून उठवलंस, पण आईच्या लेखी मी अजून तिथेच बसलेय.

आवाज बदल. विनवण्या करून, पाया पडून, काय वाटेल ते करून, पण बदल.

मिसाओ


तोक्यो,
१४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन मी तीन मजले हिंडलो. ज्याच्याकडे आवाजांचं काम होतं तो चष्मेवाला मुलगा आता इथे नाही. त्याच्या जागी एक यंत्र उत्तरं देतं. त्याला मी आई, वाडगा, बूट सगळं सांगितलं. ते म्हणालं की तुमच्या भावना समजू शकतो.

याहून वाईट सांगायचंय. नवी आवृत्ती आली आणि ती कामोउरातही बसली. तज्ज्ञांचं म्हणणं की शांत आवाजात सांगितलं तर लोक पळत नाहीत, म्हणून धोक्याच्या वेळी आता आवाज आपोआप घाबरतो. अनोळखी बाईचा आवाज मात्र त्यात आला नाही, तो त्याच्या पुढच्या वेळी. मी चाचणी ऐकली. ताई, तू तशी कधीच ओरडली नाहीस, त्या दिवशीसुद्धा नाही. मी कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. 'मान्य' मीच दाबलं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यात, इतर शंभर गोष्टींबरोबर, न वाचता.

नव्या वर्षाला येणार होतो. सुट्टी रद्द झाली, सगळ्यांचीच. जानेवारीत आवाज बदलल्याशिवाय मी खुर्चीवरून हलणार नाही. तोवर आईला एकटं सोडू नकोस. बूट लपव. वाटल्यास जाळून टाक.

तुझा,
कुनी


कामोउरा,
१९ जानेवारी

चि. कुनिहिको यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडत होतास आणि आई जिवंत आहे, एवढंच मी सांगू शकले. बाकीचं कागदावर.

दुपारची वेळ होती. मी ऑफिसातून कागद घेऊन वर शाळेत आले होते. जमीन हलली, फार वेळ हलली, खिडक्या वाजत राहिल्या. मुलं बाकांखाली शिरली. थांबल्यावर मी पहिला विचार काय केला असेन? की बरं झालं, मी वर आहे. तुझी आठवण आली. मनातल्या मनात तुझे आभार मानले.

आणि मग मी ओरडायला लागले. गावातल्या प्रत्येक खांबावरून. पळा, लाट येतेय, पळा. कुनी, मी शाळेच्या पटांगणात तोंड मिटून उभी होते आणि माझा आवाज फाटत होता, हुंदके देत होता. लोक खरंच पळत होते, तज्ज्ञांचं बरोबर आहे. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती.

घराकडे धावले. दार सताड उघडं. गॅस बंद केलेला, ती कधी विसरत नाही. तीन वाडगे ओट्यावर. बूट नव्हते. ते मी गादीच्या पेटीत, उन्हाळी पांघरुणांखाली लपवले होते. पांघरुणं घडी घालून बाजूला ठेवलेली होती.

उतारावर अग्निशामक दलाची गाडी होती, दलातला मोरिगुची चालवत होता. मी गाडीत बसले. देवळाच्या वळणाशी त्यानं गाडी थांबवली. त्याखाली जायचं नाही असा नियम आहे. मागच्या वेळी असे खाली गेलेले कुणी परत आले नाहीत, त्यात त्याचा भाऊ. तो स्टिअरिंग धरून रडत होता, पण गाडी हलवेना आणि माझा हातही सोडेना. वळणावरून खाली आई दिसत होती. ऑफिसच्या दाराशी, वर भोंग्याकडे तोंड करून उभी. ती हाका मारत होती. आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण हात हलत होता, चल, चल, असा. आणि भोंग्यातून मी तिला सांगत होते, पळा.

मोरिगुचीच्या गाडीवरचा माइक मी ओढून घेतला. आई, मी इथे आहे, असं दोन-तीनदा म्हटलं. तिनं पाहिलंसुद्धा नाही. घाबरलेला आवाज वरूनही तोच, इकडूनही तोच. मग मला इतका राग आला, कुनी, तिचा, तुझा, त्या खांबांचा, की मी ओरडले, "कुठे तडमडायला गेली आहेस? मी घरी येऊन बसलेय, भुकेनं जीव जातोय, आणि तुझा पत्ता नाही! वर ये आधी!"

सगळ्या गावानं ऐकलं. आई वळली. भोंग्याकडे एकदा पाहिलं, वळणाकडे पाहिलं. आणि चालायला लागली. पळत नव्हती, गुडघे कुठे पळू देतात. ती दुसऱ्या वळणापर्यंत आली तेव्हा बंदराच्या दारातून पाणी आत शिरलं. फार मोठं नव्हतं. ऑफिससमोरच्या रस्त्यावर कमरेइतकं. आई मघाशी उभी होती त्याच जागेवर. मासळीच्या पेट्यांसकट, मासेबाजाराच्या जाळ्यांसकट, आवाज न करता आलं आणि भोंगे बंद पडले.

आई गाडीपाशी पोचली, तिला धाप लागली होती. मी तिला घट्ट धरलं. तिनं मला सोडवलं आणि म्हणाली की घाबरलेली कुणीही असेल, पण माझ्यावर एवढं खेकसणारी एकच आहे. मग तिनं मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "पण तिला का नाही आणलंस?"

मी तिला गाडीत बसवलं.

तुझी ताई,
मिसाओ


तोक्यो,
२६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा आवाज पुसला. कंपनीच्या यंत्रातून, साठ्यातून, सगळीकडून. या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली आणि मगच मान्य केलं. साहेबांना भेटलो. ते म्हणाले की गावातले सगळे वाचले, म्हणजे यंत्रानं काम चोख केलं, आणि त्यांचं चूक नाही. हेच मला सहन होत नाही.

मी तुला वाचवायला गेलो होतो. बाबांनंतर आणखी कुणी त्या पाण्यात जाऊ नये म्हणून. आईला त्यात ढकलणारा मीच होतो.

शनिवारच्या गाडीनं निघतोय. नोकरीचं काय ते आल्यावर बोलू. दार उघडशील ना?

कुनी


कामोउरा,
८ फेब्रुवारी

चि. कुनिहिको यास,
अनेक आशीर्वाद.

तू चार दिवस राहून गेलास आणि घर रिकामं वाटतंय. आईला तू शिडीवर चढून छपराचं बर्फ काढलेलं आवडलं. फक्त बर्फ तिच्या कोबीवर टाकलंस, ते ती मरेपर्यंत सांगणार. दार उघडशील का असं पुन्हा विचारलंस तर उघडणार नाही.

तू गेलास त्या संध्याकाळपासूनचं सांगते. आता पाच वाजता कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज येतो. शांत, स्वच्छ, कुठल्याच गावची नाही अशी बाई. मुलांनो घरी जा. पहिल्या दिवशी आईनं सगळं ऐकून घेतलं. खोका गप्प झाल्यावरही ऐकत राहिली. मग उठली, माझ्या खोलीतून माझा तो निळ्या स्वेटरमधला फोटो काढून आणला आणि देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोशेजारी ठेवला. तिसरा वाडगा त्याच्यासमोर ठेवला. उदबत्ती लावली.

मी म्हटलं, आई, मी जिवंत आहे गं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हो ना. दोघी गेल्या होत्या, एक तरी परत आली. मागच्या वेळीही दोघांतलं एकच आलं होतं."

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघी जेवतो आणि मी फोटोतून आमच्याकडे बघत असते. पहिल्या दिवशी मी फोटो काढायला गेले होते. हात लावला आणि थांबले. शेवटपर्यंत ती त्या खुर्चीत बसून लोकांना पळा म्हणत होती, पाणी येईपर्यंत, माझ्यासारखीच. तिला उठवायला कुणी गेलं ते फक्त आई.

काल आईचे गुडघे फार दुखत होते म्हणून उदबत्ती मी लावली. ये पुन्हा लवकर. तुझी जागा इथे वर टेकडीवर आहे, आम्हा दोघींच्या मधे.

तुझी,
मिसाओ